डाऊन सिंड्रोमच्या बाळातले जन्मदोष: कोणता किती वेळा आढळतो आणि तो कधी शोधायचा

डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे 21वं गुणसूत्र जादा असल्याचं, निदान कानावर पडलं की घरात चर्चा सुरू होते ती बाळाच्या बुद्धीची, शाळेची, 'आपल्यामागं याचं कसं होणार' याची. या प्रश्नांना पुढची अनेक वर्षं मिळणार आहेत. पहिल्या सहा आठवड्यांत विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: बाळाच्या हृदयात, आतड्यात किंवा डोळ्यांत जन्मतःच काही राहून गेलंय का? यातले बहुतेक दोष दुरुस्त होतात, पण त्या दुरुस्तीला मुदत असते.

आधी आकडे. साधारण 700 ते 800 जन्मांमागे एक बाळ डाऊन सिंड्रोमचं असतं. अशी 100 बाळं घेतली, तर 40 ते 50 जणांच्या हृदयात जन्मदोष सापडतो. इतर बाळांत हेच प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. अन्नमार्गाचे दोष शंभरात 6-7 जणांना असतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत हा आकडा 6.7 टक्के आला होता: लहान आतड्याची सुरुवात बंद किंवा अरुंद असलेली बाळं 3.9 टक्के, गुदद्वार बंद किंवा अरुंद असलेली 1 टक्का, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी (आतडं हलवणाऱ्या नसांच्या पेशी) नसलेली, म्हणजे हर्षस्प्रुंगचा आजार असलेली, 0.8 टक्के, आणि अन्ननलिका मध्येच तुटलेली 0.4 टक्के. मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाचे दोष शंभरात 3-4 जणांत, जन्मतः मोतीबिंदू साधारण एकात. एकाच बाळात दोन दोष असू शकतात, त्यामुळे या आकड्यांची सरळ बेरीज करू नका. ढोबळमानाने निम्म्या बाळांत मोठा दोष असतो, निम्म्यांत नसतो.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या हृदयविभागातली टक्केवारी जास्त येणारच, कारण तिथं आजारी बाळंच पोचतात. एखाद्या पाहणीत पहिल्या आठवड्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला असतो आणि तेव्हा उघडी असलेली, पुढं आपोआप बंद होणारी छोटी रक्तवाहिनीसुद्धा 'दोष' म्हणून मोजलेली असते. शिवाय तळहातावरची एकच आडवी रेघ, पायाच्या अंगठ्याशेजारची फट, वर वळलेले डोळे, मानेमागची सैल कातडी ही सगळी या सिंड्रोमची लक्षणं आहेत. ते जन्मदोष नव्हेत आणि त्यांना उपचार लागत नाही.

पहिले 48 तास: शी, उलटी आणि घड्याळ

प्रसूतीच्या खोलीतून बाळ हाती आलं की एका कागदावर तीन वेळा लिहायच्या: जन्माची, पहिल्या शूची आणि पहिल्या काळ्या शीची. पूर्ण दिवस भरलेली बहुतेक सगळी निरोगी बाळं 24 तासांत काळी शी करतात. 48 तास उलटूनही झाली नाही, तर 'होईल हळूहळू' म्हणून घरी जाऊ नका. गुदद्वार जागेवर आणि उघडं आहे ना, हे नर्सला किंवा डॉक्टरांना प्रत्यक्ष बघून सांगायला लावा. लंगोट घाईत बदलताना हे सुटून जातं.

दुसरी गोष्ट उलटीचा रंग. दुधाची पांढरी किंवा फिकट पिवळी गुळणी ही नेहमीची गोष्ट आहे. पालकाच्या भाजीच्या पाण्यासारखी हिरवी उलटी मात्र नवजात बाळात कधीच 'गॅस' नसते. हिरवा रंग पित्ताचा असतो. पित्त जिथं आतड्यात उतरतं त्याच्या पुढं अडथळा असेल, तर ते मागं फिरून तोंडातून येतं. लहान आतड्याची सुरुवात बंद असेल, तर एक्स-रेमध्ये पोटात हवेचे शेजारी शेजारी दोन फुगे दिसतात, बाकी पोट रिकामं. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत 'पाणी जास्त' असा शेरा असेल, तर ही शक्यता आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. असा अडथळा असलेल्या सर्व बाळांपैकी साधारण 30 टक्के बाळांना डाऊन सिंड्रोम असतो.

हिरवी उलटी दिसली की दूध थांबवा आणि बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठा. निघण्यापूर्वी तीन गोष्टी झाल्यात का ते विचारा: पोटात नळी घालून ती उघडी ठेवली आहे, शिरेतून ग्लुकोजचं सलाईन सुरू आहे, आणि बाळ गरम आहे. वाटेत बाळ गार पडणं आणि साखर उतरणं यांनी होणारं नुकसान कधी कधी मूळ दोषापेक्षा मोठं असतं. आतड्याची सुरुवात बंद असण्याची शस्त्रक्रिया बाळ स्थिर करून, हृदयाचा इको बघून, मग होते. पण आतड्याला पीळ पडला असेल तर प्रश्न तासांचा असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पीळ नाही हे सिद्ध होईपर्यंत हिरवी उलटी तातडीचीच धरायची.

जन्मल्यापासून तोंडातून सतत फेस आणि लाळ येत असेल, पाजताना बाळ ठसकून निळं पडत असेल, तर अन्ननलिकेचा दोष असू शकतो. तोंडातून घातलेली नळी पोटापर्यंत न जाता 10 सेंटिमीटरच्या आसपास अडते. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. ती होईपर्यंत चमच्यानंसुद्धा काही पाजायचं नाही.

हर्षस्प्रुंगचा आजार या यादीत सर्वात जास्त वेळा उशिरा सापडतो, आणि त्याला आपल्या घरातले उपाय जबाबदार असतात. बाळाला शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला जातो, एरंडेल किंवा बाळगुटी दिली जाते, तेवढ्यापुरती शी होते आणि सगळे निर्धास्त होतात. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतील, तर तो भाग स्वतःहून सैल होत नाही. देठामुळं साचलेलं बाहेर आलं इतकंच. पोट फुगलेलं राहतं आणि मग एक दिवस घाण वासाचे भसाभसा जुलाब, ताप आणि ताठ पोट घेऊन बाळ येतं. आतड्याला सूज आल्याची ही खूण आहे. ती जिवावर बेतू शकते आणि डाऊन सिंड्रोमच्या बाळांत ती जास्त होते. दर वेळी काहीतरी टोचल्या-घातल्याशिवाय शी होत नसेल, तर गुदाशयाची बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणी) करून सोक्षमोक्ष लावायचा. त्याआधी थायरॉइड तपासून घ्या, कारण साधी बद्धकोष्ठताही या बाळांत भरपूर असते. स्नायू सैल असणं आणि थायरॉइड कमी असणं ही तिची मोठी कारणं.

हृदय: आवाज नाही म्हणून दोष नाही असं नसतं

इथं सर्वात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक डाऊन सिंड्रोमच्या बाळाचा टू-डी इको पहिल्या काही दिवसांत, निदान पहिल्या महिन्याच्या आत, झालाच पाहिजे. गरोदरपणात गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी 'नॉर्मल' आली असली तरीही. बाळ गुटगुटीत, गुलाबी आणि रडकं असलं तरीही. स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही तरीही.

कारण असं: जन्मल्यावर पहिले काही आठवडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त असतो. हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असलं तरी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा, म्हणून छिद्रातून रक्त जोरात वाहत नाही आणि आवाजही येत नाही. दोन ते सहा आठवड्यांत फुप्फुसाचा दाब उतरतो, मग आवाज येऊ लागतो. डाऊन सिंड्रोममध्ये हा दाब बरेचदा उशिरा उतरतो किंवा पुरता उतरतच नाही. म्हणजे दोष जितका मोठा, तितका तो मुका राहण्याची शक्यता.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. 24 तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला लावून 95 किंवा जास्त आकडा आला आणि दोन्हींत 3 पेक्षा जास्त फरक नसला, तर नवजात बाळांची ती चाळणी पास होते. निळे पडणारे दोष त्यात पकडले जातात. पण डाऊन सिंड्रोममधला सर्वात महत्त्वाचा दोष एव्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या पडद्यांचा मधला भागच अपुरा असणं. यात रक्त डावीकडून उजवीकडे जातं. ऑक्सिजन छान दिसतो आणि चाळणी फसते. जवळपास इकोची सोय नसेल, तर निदान ईसीजी काढा. एव्हीएसडीत हृदयाचा विद्युत अक्ष वर-डावीकडे फिरलेला असतो आणि साध्या ईसीजीतही संशय येतो. मात्र ईसीजी चांगला आला म्हणून इको टाळायचा नाही.

इको लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडेच करा. प्रौढांच्या केंद्रात नवजात बाळासाठी लागणारा प्रोब नसतो आणि झडपांची रचना बघण्याची सवयही नसते. जाण्यापूर्वी बाळाला पोटभर पाजा, झोपलेलं बाळ असेल तर तपासणी गुंगीच्या औषधाशिवाय होते. औषध द्यायचंच ठरलं, तर उपाशी किती वेळ ठेवायचं ते आधी विचारा, आणि औषध रुग्णालयातच द्यायला सांगा. या बाळांची श्वासनळी अरुंद आणि जीभ मोठी असते, घरून गुंगी देऊन रिक्षात बसणं धोक्याचं आहे.

रिपोर्टवर काय लिहिलंय ते असं वाचा. पीएफओ (वरच्या कप्प्यांमधली जन्मापूर्वीची छोटी वाट) किंवा छोटा पीडीए (वर सांगितलेली उघडी रक्तवाहिनी) पहिल्या आठवड्यात असेल, तर बहुधा फक्त पुन्हा बघायचं. एएसडी म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र. ते बरेचदा दोन-चार वर्षं थांबू शकतं. व्हीएसडी खालच्या पडद्यात, लहान असेल तर बंद होऊ शकतं, मोठं असेल तर नाही. कम्प्लीट एव्हीएसडी म्हणजे मधला भागच तयार झालेला नाही, दोन झडपांऐवजी एकच सामायिक झडप आहे. हे आपोआप कधीच बंद होत नाही. कम्प्लीट एव्हीएसडी असलेल्या सर्व बाळांपैकी साधारण निम्म्यांना डाऊन सिंड्रोम असतो. टीओएफ (एकाच हृदयात चार दोष एकत्र) कमी वेळा सापडतो, आणि त्यात बाळ रडता रडता अचानक गडद निळं पडू शकतं. तसं झालं तर बाळाचे गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि रुग्णालयात न्या.

कम्प्लीट एव्हीएसडी आणि मोठ्या व्हीएसडीची शस्त्रक्रिया साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात करतात. 'वजन 10 किलो होऊ दे, मग बघू' हा सल्ला इथं चालत नाही. फुप्फुसात सतत जास्तीचं रक्त गेल्यानं तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. डाऊन सिंड्रोममध्ये हे इतर मुलांपेक्षा लवकर होतं, कधी वर्षाच्या आतच. त्यात एक फसवी अवस्था येते. वाहिन्या कडक झाल्या की फुप्फुसात जाणारं रक्त कमी होतं, घाम थांबतो, धाप कमी होते, बाळ जरा भरतंसुद्धा. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. खरं तर दार बंद होत आलेलं असतं. त्यानंतर ओठ निळे दिसू लागतात, आणि तोवर छिद्र बुजवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून मोठा दोष माहीत असताना बाळ अचानक 'बरं' वाटू लागलं, तर तारीख पुढं ढकलू नका, अलीकडं आणा.

शस्त्रक्रियेपर्यंत घरी काय बघायचं: बाळ झोपलेलं असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 15 सेकंद मोजून चारनं गुणू नका, बाळाचा श्वास अनियमित असतो. 60 च्या वर, किंवा बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणं, ही दाखवण्याची खूण. पाजताना कपाळावर घाम, दोन घोट घेऊन थांबणं, एका वेळेला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागणं, हेही तसंच. दर आठवड्याला एकाच काट्यावर, उघड्यानं वजन करा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. आठवड्यात 100 ग्रॅमही वाढलं नाही, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे वाढीचे तक्ते वेगळे आहेत, हे खरं. पण 'ही मुलं लहानच असतात' हे उत्तर हृदय आणि थायरॉइड तपासल्यानंतरच ऐकून घ्या. लघवी वाढवणारं औषध सुरू असेल तर त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणून प्रत्येक भेटीत नवीन वजनावर तो पुन्हा बसवून घ्या.

आपल्याकडची एक खास अडचण. बाळंतपण माहेरी होतं, सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत, तिसऱ्या महिन्यात आई सासरी जाते. नेमक्या याच काळात इको, थायरॉइड आणि शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा असतो. सव्वा महिना संपायची वाट न बघता इको पहिल्याच महिन्यात करायचा आहे हे घरातल्या मोठ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि गाव बदलण्यापूर्वी इकोच्या रिपोर्टची प्रत आणि चित्रफीत दोन्ही घ्या. नुसत्या कागदावरून दुसरा शल्यचिकित्सक निर्णय घेत नाही.

रक्त, डोळे, कान, मूत्रमार्ग

पहिल्या तीन दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा. रक्त घट्ट असणं या बाळांत नेहमीचं आहे, आणि साधारण दहातल्या एकात अपक्व पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. त्या बहुधा पहिल्या तीन महिन्यांत आपोआप ओसरतात, पण अशा मुलांतल्या काहींना पहिल्या चार वर्षांत रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून नोंद आणि पुढची तपासणी सोडायची नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, तिसऱ्या दिवसानंतर करा. जन्मल्यानंतर तो स्वाभाविकच उसळतो, पहिल्या दिवशीचा आकडा उगाच घाबरवतो. मग सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढं दरवर्षी. थायरॉइड कमी असेल (म्हणजे टीएसएच वाढलेला असेल) तर त्याची गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्या, लोह आणि कॅल्शियमच्या थेंबांपासून काही तासांचं अंतर ठेवा.

डोळ्यात टॉर्चसारख्या उपकरणानं लाल चमक बघण्याची तपासणी सुटी मिळण्यापूर्वी करून घ्या. बाहुली पांढरट दिसली किंवा फ्लॅशच्या फोटोत एकच डोळा लाल न होता पांढरा आला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे. दाट मोतीबिंदू सहा ते आठ आठवड्यांच्या आत काढला नाही तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, मग शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नजर येत नाही. काही दिसलं नाही तरी सहा महिन्यांच्या आत एकदा पूर्ण डोळे तपासा.

कानाची ओएई चाचणी पहिल्यांदा 'फेल' आली तर लगेच खचू नका. या बाळांच्या कानाची नळी इतकी बारीक असते की थोडा मळ किंवा पडद्यामागचं पाणीही चाचणी पाडतं. पण ती 'पास' आली म्हणून थांबूही नका. तीन महिन्यांच्या आत बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी चाचणी) करून घ्या, सहाव्या महिन्यात पुन्हा ऐकणं तपासा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणाच्या तपासण्या होतात.

मुलगा असेल तर शूची धार बघा. जोरात न येता थेंब थेंब येत असेल, तर मूत्रमार्गात पडदा असू शकतो, पोटाची सोनोग्राफी लगेच. एरवीही पहिल्या काही महिन्यांत एकदा सोनोग्राफी करून टाकायला हरकत नाही, त्यात इजा काही नाही. दोन्ही अंडकोश खाली उतरलेत का, तेही सहा महिन्यांपर्यंत बघून ठेवा. जास्तीचं बोट, वाकडं पाऊल डोळ्यांना दिसतंच, त्याला तपासणीची गरज नाही.

कॅरिओटाइप, खर्च आणि भूल

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, हिरव्या टोपणाच्या नळीत एक-दोन मिली रक्त लागतं, रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. चेहऱ्यावरून निदान पक्कं वाटलं तरी ही तपासणी करा. सुमारे 95 टक्के बाळांत 21व्या गुणसूत्राच्या सरळ तीन प्रती असतात, पण 3-4 टक्क्यांत जादाची प्रत दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते. तसं निघालं तरच आई-वडिलांचीही तपासणी करायची. आई वाहक असेल तर पुढच्या बाळाला धोका 10 ते 15 टक्क्यांपर्यंत जातो, एरवी तो एक टक्क्याच्या आसपास किंवा आईच्या वयानुसार.

खर्चाचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, दोष सापडल्यावर नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम, जन्मजात हृदयदोष, जन्मजात मोतीबिंदू आणि बहिरेपण हे सगळे आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (लवकर निदान आणि उपचार) केंद्रात नाव नोंदवा किंवा आशाताईंना सांगून नोंद करून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. मंजुरीला कागद लागतात, म्हणून जन्मदाखला आणि रेशनकार्डात बाळाचं नाव या दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच उरका. शस्त्रक्रियेची तारीख मिळूनही बाळाचं नाव कुठल्याच कागदावर नाही, हा उशीर टाळण्यासारखा असतो.

शस्त्रक्रिया कुठलीही असो, हृदयाची, आतड्याची किंवा डोळ्याची, भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी स्वतः सांगा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: बाळाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणून श्वासनळीत वयाला लागते त्यापेक्षा अर्ध्या ते एका मापानं लहान नळी हाताशी ठेवावी, आणि मानेचे सांधे सैल असतात, म्हणून नळी घालताना व नंतरही मान फार मागे वाकवू नये, फार वळवूही नये.